चहावरची साय

माझ्या सासूबाईंनी मला पसंत केलं ते एका कपामुळे. असं त्या स्वतःच सांगायच्या, आणि एकदा नाही, लग्नानंतरच्या वीसेक वर्षांत ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून शंभर वेळा तरी ऐकली असेल, बारशाला, डोहाळजेवणाला, भिशीत, एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलेलो असताना शेजारच्या पूर्ण अनोळखी बाईंना.

गोष्ट अशी. 1999 चा नोव्हेंबर. बघण्याचा कार्यक्रम आमच्याकडे कोल्हापूरला होऊन गेलेला, आता मुलाचं घर बघायचं म्हणून आई, बाबा, मामा आणि मी महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून सकाळी कल्याणला उतरलो आणि तिथून लोकलने डोंबिवली. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर, सोफ्यावर विणलेले रुमाल. चहा आला. सोनेरी कडेचे कप, बहुतेक कपाटातले खास. मोठी माणसं हॉल, आहेर, कोणाकडचे किती लोक वगैरे बोलत होती आणि मी मध्येच उठले, माझा कप घेऊन आत गेले, विसळला, ओट्यावर पालथा घातला आणि परत येऊन आईच्या शेजारी बसले. झालं, एवढीच गोष्ट. "तिथल्या तिथे मी ठरवलं, हीच आपली सून," हे सासूबाईंचं शेवटचं वाक्य. मग ऐकणारी बाई माझ्याकडे कौतुकाने बघणार आणि मी खाली बघणार. लोकांना वाटायचं लाजते.

मी खाली बघायचे कारण त्या चहावर साय आलेली होती.

मला साय बघवत नाही. लहानपणापासून. चहा पुढ्यात आला की गरम असतानाच संपवायचा, नाहीतर बोलण्याच्या नादात तो निवतो आणि वर ती सुरकुतलेली पातळ कातडी धरते, फुंकर मारली की पलीकडच्या कडेला जाऊन गोळा होते, वाटतं गेली, आणि घोट घ्यायला कप तिरका केला की अख्खी घसरून येऊन वरच्या ओठाला चिकटते. लिहितानाही अंगावर काटा आला. बरं मी कुठली, तर कोल्हापूरची, जिथे गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हैस समोर उभी करून धार काढतात आणि लोक तिथेच उभं राहून फेसाळतं दूध पितात, त्या गावची मुलगी सायीला घाबरते म्हणजे आमच्या घरात तो चेष्टेचा विषयच होता. आजी म्हणायची, "ही पोरगी कुणा बिनम्हशीच्या घरात चुकून जन्माला यायची ती इथं आली." तर त्या दिवशी डोंबिवलीत, होणाऱ्या सासरी, दहा माणसांसमोर साय बोटाने काढून बशीला लावणं शक्य नव्हतं आणि पिणं त्याहून शक्य नव्हतं. म्हणून मी उठले. अर्धा कप चहा सिंकमध्ये ओतला, पुरावा नको म्हणून कप विसळला, आणि कामसू, संस्कारी, घर आपलं मानणारी सून म्हणून बाहेर आले.

गंमत म्हणजे एकदा ते सर्टिफिकेट मिळाल्यावर मला ते सांभाळावं लागलं. मी तेव्हापासून कुणाच्याही घरी गेले तरी कप उचलून आत नेऊन ठेवते. आधी सासूबाई बघतायत म्हणून, मग सवय म्हणून, आणि आता तर असं झालंय की दुसऱ्या कुणी तसाच टीपॉयवर ठेवून दिला तर माझ्या डोक्यात आपोआप शेरा पडतो. पाहुणी कितीही गोड बोलू दे, कविता करू दे, मुलगा आयआयटीत असू दे, कप तिथेच ठेवला ना, मग झालं.

सगळ्यांच्याच डोक्यात असं एक रजिस्टर असतं असा माझा पक्का समज आहे, फक्त ते कुणी कुणाला दाखवत नाही. माझ्यातलं थोडं दाखवते. रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी घालून रबरबँड लावणारी माणसं. फोन स्पीकरवर टाकून तो तोंडासमोर पापडासारखा धरून बोलणारी माणसं. मेसेज वाचून दोन दिवसांनी नुसता अंगठा पाठवणारी. 'मला ना कुणाचं वाईट बोलवतच नाही' अशी सुरुवात करणारी. लग्नात ताट वाढून घेतल्यावर पहिल्यांदा त्याचा फोटो काढणारी. आमच्याकडून गेलेला डबा रिकामा परत करणारी, हे तर माझ्या आईकडून आलंय, तिच्याकडे घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालून का होईना पण डबा भरून जायचा, आणि कुणाचा रिकामा आला की ती काही बोलायची नाही, नुसता झाकण उघडून आत बघायची आणि लावून टाकायची. त्या झाकण लावण्याच्या आवाजात सगळं असायचं. बाबांचं रजिस्टर चपलांचं होतं. घरी कुणी आलं की आधी दाराबाहेरच्या चपला बघायचे, टाच एका बाजूला झिजलेली, अंगठा तुटून खिळा मारलेला, पॉलिश किती दिवसांपूर्वीचं, आणि मग माणसाकडे बघायचे. एकदा एका स्थळाला त्यांनी चपलांवरून नकार दिला होता. कारण आम्हाला सांगितलं पत्रिकेचं.

म्हणजे निम्मी रजिस्टरं वारशाने येतात. दागिने वाटून होतात आणि हे कुणी वाटत नाही तरी प्रत्येकाला पुरेपूर मिळतं.

आपल्याकडे ह्याला म्हणही आहे, शितावरून भाताची परीक्षा. आई पातेल्यात भात करायची तेव्हा डावाच्या टोकावर एक शीत काढून अंगठा आणि तर्जनीत दाबायची, मध्ये कणी लागली तर अजून दोन मिनिटं. भाताच्या बाबतीत हे बरोबरच आहे, सगळी शितं एकाच पातेल्यात, एकाच पाण्यात, एकाच आचेवर उकळत असतात. पण मी लग्नानंतर कुकर लावायला लागले आणि बघितलं की कुकरच्या डब्यात तेही खरं नसतं, पाणी कमी पडलं की वर फडफडीत आणि तळाला गिच्च. हे मी मोठा शोध लागल्यासारखं सासूबाईंना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "मग ढवळून घ्यायचं आणि वाढायचं, काय परीक्षा घेत बसायचीय रोजच्या भाताची."

आता ट्रेनचं सांगते, कारण माझ्या रजिस्टरची जास्तीत जास्त पानं तिथे भरलीत. डोंबिवली ते सीएसएमटी, सव्वीस वर्षं, लेडीज डबा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सकाळी आठच्या सुमाराला डोंबिवलीला चढायला मिळणं हीच कमाई, बसायला मिळण्याचा प्रश्नच नाही. त्यामुळे काही जणी काय करतात, तर आधी डाऊन गाडी पकडून उलट्या दिशेला कल्याणला जातात, उतरतच नाहीत, तीच गाडी परत मुंबईला निघते तेव्हा बसूनच येतात. कल्याणच्या बायका त्यांच्यावर खार खाऊन असतात कारण गाडी त्यांच्या स्टेशनातून सुटते आणि सीटा आधीच भरलेल्या, आणि डोंबिवलीला चढणाऱ्या आम्ही त्यांच्यावर खार खाऊन कारण त्या आमच्यातल्याच. माझ्या बरोबर समोर एक जण असायच्या, नाव मला कधीच कळलं नाही, मी मनात त्यांना रिटर्नबाई म्हणायचे. खिडकी. चप्पल काढून पाय वर. मुलुंड गेलं की पर्समधून स्टीलची छोटी डबी काढायच्या आणि खिडकीकडे तोंड करून एकट्याच काहीतरी खायच्या, डबीचं झाकण हाताने धरून, म्हणजे आत काय आहे हे कुणाला दिसू नये. अकरा वर्षं मी त्या डबीत काय आहे ह्याचा विचार केलाय. आमच्या ग्रुपमध्ये ढोकळ्यापासून शेवग्याच्या शेंगांपर्यंत सगळं वाटून व्हायचं, संध्याकाळच्या गाडीत मटार सोलून व्हायचे, दसऱ्याला डब्याची पूजा, संक्रांतीला वाण, आणि ह्या बाई झाकण धरून. आपमतलबी, हा शेरा. पक्क्या शाईत.

मग 2018 मध्ये माझी सायटिका सुरू झाली आणि डॉक्टर म्हणाले उभ्याने प्रवास बंद. दुसऱ्या दिवसापासून मी काय केलं असेल ते सांगायला नको. कल्याणला गाडी रिकामी होत असताना मी सीटवर घट्ट बसून राहिले आणि दारातून आत घुसणाऱ्या बायकांच्या नजरेला नजर नको म्हणून मोबाईलमध्ये बघत बसले. मला स्वतःबद्दल एकदाही आपमतलबी हा शब्द सुचला नाही. मला सायटिका होती ना.

माझी मुलगी सायकॉलॉजी घेऊन बीए करतेय, तिसऱ्या वर्षाला. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, आई, ह्याला नाव आहे, लोकांनी केलं की स्वभाव आणि आपण केलं की परिस्थिती, आणि मग तिने मला एक प्रयोग सांगितला जो मला फार आवडला. 1967 सालचा, अमेरिकेतला, जोन्स आणि हॅरिस नावाच्या दोघांचा. लोकांना निबंध वाचायला दिले, काही क्युबाच्या कॅस्ट्रोच्या बाजूचे, काही विरोधातले, आणि विचारलं की लिहिणाऱ्याचं स्वतःचं मत काय असेल. काही वाचणाऱ्यांना तर स्पष्ट सांगितलं होतं की बाजू लिहिणाऱ्याने निवडलेली नाही, त्याला नेमून दिलेली. तरीसुद्धा बाजूने लिहिणारा मनातून थोडा तरी कॅस्ट्रोवालाच असणार असं लोकांना वाटलंच. मी म्हटलं, अगं आम्ही शाळेत सगळ्यांनी 'विज्ञान शाप की वरदान' लिहिलंय, बाईंनी ज्याला जी बाजू दिली ती, आणि शापवाल्या पोरी आज सगळ्या इंजिनिअर आहेत. पुढे 1977 मध्ये ली रॉस नावाच्या माणसाने ह्या चुकीला मोठं इंग्रजी नाव दिलं, ते मुलीने दोनदा सांगितलं आणि मी दोनदा विसरले.

आणखी एक तिने सांगितलं ते मात्र मला नीट आठवतं कारण ते मला लागलं. 2006 साली प्रिन्स्टनमध्ये दोघांनी लोकांना अनोळखी चेहरे दाखवले, एका सेकंदाचा दहावा भाग, बस, आणि विचारलं हा माणूस विश्वासू वाटतो का, हुशार वाटतो का वगैरे. लोकांनी मतं दिली आणि ती मतं, भरपूर वेळ मिळालेल्या लोकांच्या मतांशी चांगलीच जुळली. पण खरी मेख पुढे आहे, बघायला जास्त वेळ दिला तर मत फारसं बदलत नव्हतं, फक्त त्याबद्दलची खात्री वाढत होती. अकरा वर्षं मी रिटर्नबाईंकडे बघत होते आणि मला वाटत होतं मी त्यांना ओळखायला लागलेय.

तर हे झालं माझं रजिस्टर. लोकांच्या रजिस्टरात मी काय होते हे मला लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच कळलं. आमच्या कोल्हापूरकडे बायकासुद्धा 'मी आलो', 'मी जेवलो' म्हणतात, त्यात कुणाला काही वाटत नाही, आणि मी नवीन सून, डोक्याला गजरा, दारात उभी राहून म्हणाले, "मी जरा जाऊन येतो हं." आतून नणंदेचा आणि तिच्या मैत्रिणींचा जो फिस्कारा आला तो मला आजही ऐकू येतो. कुणी काही बोललं नाही, बोलतच नाहीत, तीच तर पद्धत आहे. फक्त नंतर काही महिने मी आले की एखादी हळूच म्हणायची, "आलो का?" मी पंधरा दिवसांत 'आले, गेले, जेवले' शिकले. आता माहेरी गेले की तिकडचे हसतात, लई मुंबईची झाली म्हणून.

आणि मी काय कमी होते काय. ह्यांच्या आमटीत गूळ. पहिल्या दिवशी वाटलं पडला असेल चुकून. मी तिखटाची, कांदा-लसूण मसाल्याची बरणी माहेरून घेऊन आलेली, आणि मनात मी ह्या सगळ्या घराला एक नाव ठेवलं होतं, गुळमुळीत. आमटीवरून थेट माणसांवर. भांडायला गोड, रागवायला गोड, नाही म्हणायचं असलं तरी 'बघू हं'. वर्षभर माझी खात्री होती की गूळ खाल्ल्यामुळेच माणसं अशी होतात.

पण बोलण्यावरून मी स्वतः जे केलंय ते एवढं गमतीचं नाही. मला 'न' आणि 'ण' फार टोचायचा. ऑफिसात एक नवीन मुलगा आला, विदर्भातला, कामाला चोख, आणि पहिल्याच दिवशी म्हणाला, "मॅडम, पानी कुठं भेटल?" झालं, माझ्या डोक्यात पेन टेकलंच. मी, जिला 'आलो'वरून फिसकारे ऐकावे लागले, ती. आता ह्या बाबतीत आम्ही काय मानतो ते सरळ लिहून टाकते, 'ण' म्हणणारा शिकलेला, 'न' म्हणणारा गावचा, आणि गावचा म्हणजे काय, कुठल्या घरातला, हे कुणी तोंडाने म्हणत नाही पण डोक्यात असतं. मग एकदा एका भाषेच्या प्राध्यापक बाईंनी ट्रेनमध्येच माझी हवा काढली. म्हणाल्या, पाणी हा शब्द आला कुठून? संस्कृतातल्या 'पानीय'वरून. त्यात दंत्य 'न' आहे. प्राकृतात त्याचा 'ण' झाला आणि मराठीने तो उचलला. म्हणजे संस्कृतचा एवढा अभिमान असेल तर तो मुलगाच जवळचा म्हणायचा, तुम्ही नाही. मी दादरपर्यंत गप्प बसले होते. माझ्या आजीची पत्रं आठवली, ती 'कांहीं', 'नाहीं', 'येथें' अशी टिंबं देऊन लिहायची, कारण तिला शाळेत तसंच शिकवलेलं, छडी खाऊन. 1962 मध्ये शुद्धलेखनाचे नवे नियम सरकारने मान्य केले आणि न उच्चारली जाणारी ती टिंबं गेली. आजीची पत्रं आहे तिथेच राहिली आणि अशुद्ध झाली. आणि आम्ही पोरं ती वाचून हसायचो, आजीला लिहिता येत नाही म्हणून.

'कुठले तुम्ही?' हा प्रश्न त्याच जातीचा. जातीचा हा शब्द मुद्दाम वापरतेय. आडनाव कळलं, तेवढ्यावरून अंदाज नाही आला की मग 'म्हणजे मूळचे कुठले?', मग 'कुलदैवत कोणतं?', सगळं हसत हसत, चहा देत देत. आमच्या सोसायटीच्या कमिटीत मी तीन वर्षं होते. एका फ्लॅटसाठी एक जोडपं भाड्याने राहायला म्हणून भेटायला आलं, कागद सगळे बरोबर, दोघं नोकरीला. पण मुलाने बोलताना एका कानातला इअरफोन काढला नाही आणि मुलीने घराबाहेर काढलेले बूट एकावर एक पडलेले होते. ते गेल्यावर कमिटीत कुणीतरी विचारलं, काय वाटतं, आणि मी म्हणाले, "मला नाही बाई बरे वाटत." बाबांच्या चपला बोलत होत्या. माझ्या त्या एका वाक्यानंतर अजून दोघांनी माना हलवल्या, एकाने तर आडनावाबद्दल काहीतरी पुटपुटलं ज्याला मी विरोध केला नाही, ऐकू न आल्यासारखं केलं, आणि नकार कळवला गेला. ते दोघं आता शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहतात. भाजीच्या गाडीवर भेटतात. मुलगी मला काकू म्हणून हसते, एकदा माझी जड पिशवी गेटपर्यंत घेऊन आली. तिला माहीत नाही. ह्याच्यावर मला काय म्हणायचंय ते मलाही नीट माहीत नाही, फक्त तिने पिशवी उचलली की मी फार बोलते, उगाचच, हवेबद्दल वगैरे.

आता ह्याची दुसरी बाजूही सांगते, कारण नुसतं वाईटच असतं तर आपण एवढ्या चवीने कशाला केलं असतं. कुठल्याही समारंभातून आम्ही दोघं बाहेर पडतो, हात जोडून 'फार छान झालं हो सगळं' वगैरे होतं, रिक्षात बसतो, रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत दोघंही गप्प. वळली की नवरा म्हणतो, "बासुंदी?" मी म्हणते, "पावडर." बस. पुढची वीस मिनिटं आमच्या लग्नातली सगळ्यात छान वीस मिनिटं असतात. कोणी कोणाशी बोललं नाही, भटजींनी मंगलाष्टकं कशी ताणली, अमक्याने आहेर काय दिला आणि पाकिटावर नाव किती मोठं लिहिलं. आम्ही आवडीनिवडीत अजिबात जुळत नाही, त्याला क्रिकेट, मला नाटक, त्याला एसी सोळावर लागतो. पण नावं आम्ही दोघं एकाच गोष्टीला ठेवतो. बासुंदीवर आमचं आजवर दुमत झालेलं नाही.

आणि त्याच्याहीपेक्षा चांगली जोडी माझी कुणाशी जमली असेल तर ती सासूबाईंशी. पहिली पाच वर्षं आम्ही एकमेकींना तोलत होतो, मग केव्हातरी आम्ही मिळून बाकीच्यांना तोलायला लागलो. दुपारी दोघी भाजी निवडत बसायचो, त्या मान वर न करता म्हणायच्या, "चौथ्या मजल्यावरची आली होती," आणि मी म्हणायचे, "डबा?" त्या म्हणायच्या, "रिकामा." मग आम्ही दोघी मेथीची पानं खुडत राहायचो, मनातून अगदी तृप्त.

2019 च्या पावसाळ्यात त्या आजारी पडल्या, बऱ्याच दिवसांच्या. शेवटी शेवटी घरीच होत्या, बोलणं स्पष्ट होतं, फक्त दमायच्या. नर्स आली की तिला कपाची गोष्ट सांगायच्या. एक दिवस नर्स गेल्यावर माझ्या मनात काय आलं कोण जाणे, मी म्हटलं, "आई, तुम्हाला एक खरं सांगू का, त्या दिवशी मी कप ठेवायला नव्हते गेले. चहावर साय आली होती."

त्या डोळे मिटूनच म्हणाल्या, "माहितेय मला."

मी बघतच राहिले.

"सिंकच्या जाळीत अडकली होती साय. तू बाहेर गेल्यावर मी आत आले ना डबा काढायला. कप घासला तसा जाळीत हात घालायचा."

वीस वर्षं. मी म्हटलं, मग तुम्ही सगळ्यांना ते तसं का सांगत आलात, आणि मला पसंत तरी कशावरून केलंत. त्यावर त्यांनी एक डोळा उघडला. म्हणाल्या, "अगं, पसंत कसली त्या दिवशी करतेय. पत्रिका जमलेली, ह्यांना तुझे बाबा आवडलेले, हॉलची तारीख आदल्या दिवशी घेऊन टाकली होती. लोक विचारतात सून कशी निवडली, त्यांना काय हॉलची पावती दाखवू?" आणि मग थोड्या वेळाने, दम लागल्यावर थांबून, "चांगली जाड साय होती पण. विरजणाला झाली असती."

माझी मुलगी म्हणते, 1920 मध्ये थॉर्नडाइक नावाच्या माणसाने लष्करातल्या अधिकाऱ्यांना त्यांच्या हाताखालच्या लोकांना मार्क द्यायला लावले, शरीरयष्टीचे वेगळे, बुद्धीचे वेगळे, स्वभावाचे वेगळे, आणि दिसलं असं की ज्याला एकात चांगले त्याला सगळ्यातच चांगले, जणू आधी माणूस आवडला की नाही ते ठरलेलं आणि मग रकाने भरले. मी म्हटलं, हॉल आधी बुक झालेला. ती म्हणाली, काय? मी म्हटलं, काही नाही.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे मागच्या रविवारी मुलीचा एक मित्र घरी आला होता. नुसता मित्र आहे असं दोनदा सांगण्यात आलं, म्हणजे समजून जा. चहा मी केला. आता मी चहा नेहमी दोनदा गाळते, सगळ्यांना माहीत आहे, माझ्या घरच्या चहावर साय येऊच शकत नाही. पण त्याचा कप भरताना मी गाळणं बाजूला ठेवलं आणि दुधाच्या पातेल्यातलं वरचं एक चमचाभर अलगद सोडलं. आणि बाहेर आणून त्याच्याशी मुद्दाम बोलत बसले, कुठले तुम्ही वगैरे नाही, ते मी आता विचारत नाही, अभ्यासाचं, ट्रेनचं, कप टीपॉयवर निवेपर्यंत. मुलगी माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघत नव्हते.

त्याने कप उचलला. साय बघितली. शेजारचा चमचा घेतला, ती कडेने गोल फिरवून अख्खी उचलली, तोंडात टाकली, म्हणाला, "वा काकू, म्हशीचं ना?" चहा संपवला, आणि कप सोफ्याच्या पायाशी जमिनीवर ठेवून दिला. जमिनीवर. टीपॉय वीतभर अंतरावर असताना.

तो गेल्यावर नवरा पेपरमागून म्हणाला, "मग? कसा वाटला?"

मी म्हटलं, "साय खाल्ली त्याने."

"म्हणजे चांगला की वाईट?"

मी कप उचलून आत गेले. सिंकपाशी बराच वेळ उभी होते, जाळी कोरडी ठणठणीत. ह्याचं उत्तर ज्यांना देता आलं असतं त्या बाई आता नाहीत, आणि ह्या विषयावर रिक्षात बसून नवऱ्याशी बोलण्यात काही अर्थ नाही, त्याला फक्त बासुंदीतलं कळतं.